ऱ्हस्व उ

भांडुपला, टेंभीपाड्याच्या नाक्यावर
भाच्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो मी,
मशीनच्या शेजारी, प्लास्टिकच्या स्टुलावर.
गिरगावातल्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली.
छापखाना बंद पडला, तिथे आता जिम आहे.
डोळे मात्र चालूच राहिले.

लोक मजकूर मोबाईलवर पाठवतात.
'भावपुर्ण श्रध्दांजली.'
मेलेल्या माणसासाठी आणलेला भाव
एका उकाराने तोकडा,
आणि तिथे वाचवलेली लांबी
'हार्दीक शुभेच्छा'वर उधळलेली.
'मि' लिहितात.
स्वतःलाच कुणी इतकं आखूड करून घेतं?
'जागतिक महिला दीन' मात्र
दोन मिनिटं तसाच राहू दिला होता मी.
त्या फ्लेक्सवर सगळे चेहरे पुरुषांचे होते.

शार्दूल म्हणतो, "मामा, कळतं ना लोकांना? मग झालं."
कळतं.
भात कच्चा राहिला तरी
तो भात आहे हे कळतंच.

गेल्या बुधवारी एक बाई आल्या,
बोटांच्या पेरांत पीठ तसंच.
'उर्मिला पोळीभाजी केंद्र.
घडीच्या पोळ्या ऑर्डरप्रमाणे.'
तीन बाय दोन, पिवळ्यावर लाल.
मी न विचारता उ चा ऊ केला,
वाण्याने पुडीत चिमूटभर जास्त घालावं
तशा उदारपणे.

शुक्रवारी फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन परत आल्या.
"हे कुणाचं नाव?"
"तुमचंच. शुद्ध केलंय."
त्यांनी पिशवीतून कागद काढले
आणि काउंटरवर पत्ते मांडावेत तसे मांडत गेल्या:
शाळेचा दाखला, रेशनकार्ड,
बचतगटाचं पासबुक,
नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्यात पत्नी: उर्मिला.
"लोनवाला साहेब बोर्डाचा फोटो काढणार.
एवढ्याशा शेपटीवरून परत पाठवेल मला.
मागे आडनावातल्या टिंबावरून आठ महिने गेले."

मी चष्मा पुसला.
ऊर्मी म्हणजे लाट, म्हटलं,
संस्कृतातून आलेला शब्द, पहिलं अक्षर दीर्घच.
दाखल्यावर मास्तरांनी घाई केली.
त्या ऐकत होत्या, अगदी मनापासून,
एवढं कुणी त्यांना त्यांच्या नावाबद्दल
बहुधा सांगितलंच नव्हतं.
मग म्हणाल्या,
"लाट असेल हो लांबलचक.
मी दहा बाय दहात राहते."

मी फाईल उघडली.
ऊ ची शेपटी काढली.
मृत्यूच्या दाखल्याशी ताडून पाहिलं, अक्षर न् अक्षर,
प्रूफ तपासतात तसं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
जाणूनबुजून चूक छापायला पाठवली.
पैसे घेतले नाहीत. शार्दूलने
माझ्या पगारातून कापले.

चुकलेला, म्हणजे बरोबर असलेला, फ्लेक्स
त्यांनी मागून नेला.
घराच्या पत्र्यावर अंथरलाय, चार विटा ठेवून,
तोंड आभाळाकडे.
टेंभीपाड्यावरच्या घारींना
तेवढं तरी शुद्ध वाचायला मिळतं.

खाली दारावर ऱ्हस्व उर्मिला,
लोन झालं म्हणे, दुसरा तवा आलाय.
येताजाता मी त्या उ कडे पाहतो
आणि उजव्या हाताचं बोट
खिशातल्या खिशात
शेपटी काढून घेतं.

काल चार पोळ्या घेतल्या.
पुडक्यावर त्यांनी पेनाने लिहून दिलं:
'चाळिस रुपये मीळाले.'
पोळ्या मऊ होत्या, पदर सुटलेल्या.
दोन खाल्ल्या.
मग उठून लाल पेन शोधलं,
पुडक्याचा कागद सरळ केला,
दोन्ही वेलांट्या फिरवल्या,
आणि उरलेल्या दोन खाल्ल्या.